गावच्या जुन्या घराचं म्युझियम करतोय, जपानवाल्यांकडून नक्की काय उचलावं?

खळ्यातला_गडी:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमचं जुनं घर आहे, चिऱ्याचं, वर कौलं, आणि बरीच वर्षं ते फक्त गणपतीला आणि शिमग्याला उघडतं. चुलत भावंडांनी मिळून ठरवलंय की विकायचं नाही, पाडायचं नाही, तिथे गावचं छोटंसं म्युझियम करायचं. सामान ढीगभर आहे, इरलं, पाग, कणगी, पायली-शेराची मापं, लामणदिवे, एका काकांचा दशावतारी पेटारा आहे तो तर मुकुट-बिकुटासकट, आणि गावातले लोकपण वस्तू द्यायला तयार आहेत.

भांडण पुढे आहे. मुंबईच्या भावाने एक इंटिरियरवाला आणला, त्याने ड्रॉइंग दाखवलं की पुढची पडवी काढायची, तिथे उभी काच, आत सगळ्या भिंती पाडून एक एसी हॉल, ग्रे सिमेंट फिनिश आणि वरून स्पॉटलाइट. का, तर म्हणे हे जपानी मिनिमल. माझी भाची आर्किटेक्चरला आहे, ती म्हणाली मामा जपानचं असं नसतं काही, आणि तिने नाओशिमा बेटावरच्या म्युझियमचे व्हिडिओ पाठवले. मी बघितले आणि खरं सांगतो, मला रिकाम्या भिंतीच दिसल्या. लोक बोटीत बसून एवढ्या लांब जातात ते भिंती बघायला? की तिथे प्रत्यक्ष गेल्यावर काही वेगळं होतं जे व्हिडिओत येत नाही? जाऊन आलेल्यांनी सांगा, आणि आमच्या घराला त्यातलं काय लागू पडेल तेही. बजेट विचारू नका, लाज वाटते.

हर्णै_ते_ओसाका:
दादा, व्हिडिओत येत नाहीच. ओसाकात नोकरीला होतो तेव्हा सुट्टी मिळाली की मी हेच करायचो, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुम्ही बघितलं ते बहुतेक चिचू म्युझियम, तादाओ आंदो या आर्किटेक्टचं, २००४ चं. ते जवळजवळ सगळं जमिनीच्या पोटात आहे, कारण बाहेर सेतो समुद्राचा देखावा आहे आणि त्याच्यात बिल्डिंग घुसवायची नव्हती. एवढ्या मोठ्या म्युझियममध्ये कलाकार फक्त तीन. तिकीट घर वेगळ्या ठिकाणी आहे, तिथून तुम्ही रस्त्याने चालत जाता, बाजूला एक छोटं तळं आणि फुलझाडं, मोने या फ्रेंच चित्रकाराच्या बागेत जी झाडं होती तशी लावलेली. तेव्हा कळत नाही हे कशाला. मग काँक्रीटच्या भिंतींमधून आत, वर आभाळाचा चौकोन नाहीतर त्रिकोण, परत अंधार, परत उजेड, आणि मोनेच्या खोलीबाहेर चपला काढून त्यांच्या सपाता घालायच्या. आधी एक अंधारी खोली लागते, तिथून समोर चौकोनात पांढऱ्याशुभ्र खोलीतलं मोठं कमळांचं चित्र दिसतं. आत गेलात की पायाखाली लहान लहान संगमरवरी ठोकळे, दोन-दोन सेंटिमीटरचे, लाखोंनी बसवलेत, आणि खोलीत एकही दिवा नाही. उजेड वरून येतो तेवढाच. मी उभा होतो तेव्हा बाहेर ढग आला असणार, कारण समोरचं तळं बघता बघता निळं होतं ते करडं झालं, आणि बाजूची जपानी आजी आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसून दाखवत होती. हे व्हिडिओत कसं येणार, कॅमेरा तर उजेड सारखा करून टाकतो, आणि आत फोटोला परवानगी नाहीच.

पण मला विचाराल तर खरा झटका बसला तो शेजारच्या तेशिमा बेटावर. तिथलं म्युझियम २०१० चं, रियुए निशिझावा आर्किटेक्ट, रेई नाइतो कलाकार. आत वस्तू नाहीतच! साधारण ४० बाय ६० मीटरचं काँक्रीटचं एक सपाटसं टरफल, मध्ये एक खांब नाही, वर दोन मोठी भोकं, त्यातून वारा येतो, पाऊस येतो, पक्ष्यांचा आवाज येतो. बूट बाहेर. बोलायचं नाही. आत जाऊन पहिली पाचेक मिनिटं मी चिडलोच, म्हटलं तिकिटाचे पैसे गेले. मग पायाजवळ काहीतरी हललं. जमिनीला बारीक बारीक छिद्रं आहेत, त्यातून पाण्याचा थेंब वर येतो, थोडा वेळ थरथरतो, मग उतार सापडला की सुळकन पळतो, वाटेत दुसऱ्याला जाऊन मिळतो आणि दोघांची एक लांब ओळ होऊन मोठ्या डबक्यात जाते. पाण्याने न भिजणारी जमीन केली आहे म्हणून असं पळतं. मी पालथा झोपून बघत होतो, आजूबाजूला सूटबूटवालेपण तसेच. शेवटची बोट चुकायची बाकी होती.

आणि हो, त्या म्युझियमभोवतीची भातशेतीची कुणगी पडीक होती, ती लोकांनी परत लावली. बेटं म्हातारी झालेली, पोरं शहरात. तेशिमावर तर वर्षानुवर्षं चोरून कारखान्यांचा कचरा टाकला होता, मोठं प्रकरण झालं होतं ते. आपल्याकडे चाकरमानी गेले आणि घरं बंद पडली ते काय वेगळं आहे. एवढ्यासाठी तरी तुमच्या भावंडांना जपानचं नाव काढल्याबद्दल पूर्ण मार्क.

मालवणी_खाजा:
माका जपानाचा काय म्हायत नाय, पण सिमेटाचा म्हायत आसा. ता ग्रे फिनिश हय चार म्हयने पाऊस खातला आणि दुसऱ्या वर्साक काळा-हिरवा होतला. माज्या मेव्हण्यान तसो बंगलो बांधल्यान, आता दर वर्सा ब्रश घेऊन घासता आसा. पडवी काढूक सांगणाऱ्याक पयलो जुलैत हय आणून ठेव. काच लावतलो म्हणता, झड खय जातली?

कुडाळचा_मिस्त्री_नाही_आर्किटेक्ट:
वरच्या मालवणी प्रतिक्रियेवर माझी सही. तरी थोडं सविस्तर, कारण हा विषय माझा आवडता आहे आणि ‘जपानी मिनिमल’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

आंदोचं काँक्रीट म्हणजे सिमेंट फिनिश नव्हे. साधारण ९०० बाय १८०० मिलिमीटरचे साच्याचे बोर्ड, जवळपास एका तातामी चटईच्या मापाचे, आणि ते साचे लावणारे सुतार इतके तरबेज की सांध्यातून ओघळसुद्धा येत नाही. आपल्याकडे भिंतीला पुट्टीसारखं लावतात ती नक्कल. आणि ते काँक्रीट ज्या हवेत उभं आहे ती हवा पण घेऊन या मग. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेशिमाचं टरफल कसं केलं माहितेय का, आधी मातीचा ढिगारा रचला, त्याला नीट आकार दिला, त्यावर काँक्रीट ओतलं आणि ते धरल्यावर आतली माती उकरून काढली. जाडी २५ सेंटिमीटर. ते तुमच्या इंटिरियरवाल्याला जमणार असेल तर मी येतो बघायला.

आता मुद्द्याचं. ही म्युझियम बघताना वस्तू किती वेळाने दिसते ते मोजा. शिगाच्या डोंगरातलं मिहो म्युझियम घ्या, १९९७ चं, आय. एम. पेई यांचं. तिकीट काढल्यावर चेरीच्या झाडांमधून चालायचं, मग एक वळणाचा बोगदा, आतून चंदेरी, आणि वळण असल्यामुळे दुसरं टोक दिसत नाही, पावलांचा आवाजही दबतो. बोगदा संपतो तिथेच केबलचा पूल सुरू होतो, दरीवरून, आणि पलीकडे छोटंसं छप्पर दिसतं. बिल्डिंगचा बहुतेक भाग डोंगराच्या पोटात आहे. ज्यांना चालवत नाही त्यांना इलेक्ट्रिक गाडी आहे. चीनच्या एका जुन्या कथेत कोळ्याला गुहेपलीकडे सुखाचं गाव सापडतं, पेईंनी ती कल्पना घेतली. टोकियोचं नेझू म्युझियम, २००९ ला केंगो कुमांनी नवं केलं, तिथे तर जागाही नव्हती एवढी. भर फॅशनच्या बाजारपेठेच्या रस्त्यावर आहे. त्यांनी काय केलं, दरवाजा रस्त्याकडे ठेवलाच नाही. रस्त्यावरून वळायचं, मग खोल वळचणीखालून बांबूच्या कडेकडेने सरळ चालत जायचं आणि टोकाला परत वळून आत. तेवढ्यात गाड्यांचा आवाज मागे राहतो. खर्च कशावर, तर बांबू आणि वळचण!

आता तुमचं घर डोळ्यांसमोर आणा. पाणंदीने यायचं, दोन्ही बाजूला गडगा, मग बेडं उघडायचं, खळं, तुळस, पायरी, पडवी, ओटी, मग माजघर. बाहेरच्या उन्हातून माजघरात पोचेपर्यंत उजेड चार वेळा कमी होतो आणि डोळे आपोआप सवय करतात. पेई आणि कुमा ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजतात ते तुमच्या खापरपणजोबांनी आयतं बांधून ठेवलंय आणि तुम्ही काच लावून एका उडीत हॉलमध्ये नेताय लोकांना. पडवी काढलीत तर माझ्याशी गाठ आहे.

बाकी सगळे जपानी असेच लपवालपवी करतात असंही नाही हं. कानाझावाचं एकविसाव्या शतकाचं म्युझियम (सेजिमा आणि निशिझावा यांची साना कंपनी, २००४) बरोब्बर उलटं आहे, गोल, काचेचं, ११२.५ मीटर व्यासाचं, पुढची बाजू-मागची बाजू असं काही नाही, कुठूनही घुसा. बराचसा भाग फुकट, पोरं शाळेतून घरी जाताना आतून जातात. शहराच्या मध्यावर आहे म्हणून तसं. जागा बघून ठरवतात ही माणसं.

एसीबद्दल पण बोलतो. तुम्ही आंदो सोडा, तिथलंच इनुजिमा बेट बघा. तिथे १९०९ सालचा तांबं गाळायचा कारखाना होता, दहाएक वर्षांत बंद पडला, पडक्या भिंती आणि धुरांडी राहिली. हिरोशी साम्बुइची या आर्किटेक्टने २००८ मध्ये त्याच पडक्यात म्युझियम केलं. जमिनीखालच्या बोळातून हवा गार होऊन येते, तापलेली हवा जुन्या धुरांड्यातून वर ओढली जाते. म्हणजे धुरांडं नुसतं शोभेला नाही ठेवलं, त्याला काम दिलं. कौलारू घराचंही तसंच आहे, गरम हवा कौलांच्या फटीतून जाते. त्याला खाली फॉल्स सीलिंग मारून एसी लावलात की बंद पडलेल्या दिवसांत आत बुरशीचा कारखाना सुरू. चार महिने एसी चालवणार कोण, लाइट असते का तुमच्याकडे?

निवृत्त_बाई_रत्नागिरी:
चर्चा छान चाललीये, पण मी थोडा विरोधी सूर लावते. मुलगी तिकडे असते त्यामुळे यातली बरीच ठिकाणं बघितलीत. काही ठिकाणी वास्तू एवढी पुढे पुढे करते की वस्तू बिचारी मागे राहते. पाट्या अगदी कमी, आणि ज्या आहेत त्या बारीक अक्षरात. शांतता पाळा, फोटो नको, पेन नको पेन्सिल वापरा, इथून जा, तिथे थांबा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मिहोच्या बोगद्याचं कौतुक किती वेळ राहणार. तुमच्या गावातली आजी आली आणि तिचीच कणगी तिला अंधारात दिसली नाही तर ती काय म्हणेल याचा विचार करा.

मला जे म्युझियम विसरता येत नाही ते हिरोशिमाचं. केंझो तांगे यांची वास्तू, १९५५ ची. मुख्य इमारत खांबांवर उचललेली आहे आणि बरोबर एका सरळ रेषेत तिच्याखालून स्मारकाची कमान आणि त्या कमानीतून पलीकडचा घुमट दिसतो, जो बॉम्बनंतर तसाच ठेवलाय. म्हणजे आत शिरायच्या आधीच तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं. आतली मांडणी त्यांनी २०१९ मध्ये बदलली. जळालेल्या माणसांचे पुतळे त्याआधीच काढून टाकले होते, आता माणसांच्या खऱ्या वस्तू पुढे आणल्या, डबा, फाटका गणवेश, आणि एका तीन वर्षांच्या मुलाची तिचाकी सायकल. ती सायकल वडिलांनी मुलाबरोबरच अंगणात पुरली होती आणि कितीतरी वर्षांनी उकरून म्युझियमला दिली. गंजलेली, एवढीशी. बाजूला पाटी छोटीच, पण कोणाची, कुठे होता, काय झालं, एवढं सरळ लिहिलेलं. अंधाऱ्या दालनांतून बाहेर आलं की लांब काचेची ओसरी लागते, तिथून बाग दिसते आणि लोक बाकांवर नुसते बसून राहतात. माझ्या मते बसायला दिलेली ती जागा हे त्या सगळ्या वास्तूतलं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे. आपल्याकडे म्युझियममध्ये बाक असतो तो राखणदाराचा.

तर पेटाऱ्यापाशी पाटी लिहाल तेव्हा ‘दशावतारातील मुकुट, लाकूड व बेगड’ असलं लिहू नका. कोण घालायचं, कुठल्या जत्रेला, रात्री किती चालत जायचे, ते लिहा. काका हयात असतील तर आजच विचारून घ्या.

हर्णै_ते_ओसाका:
बाई, बाकाचं शंभर टक्के. अदाची म्युझियममध्ये (शिमानेला, १९७० चं) तर बाग बघायलाच बसवतात, खिडकीची चौकट अशी केली आहे की बाहेरची बाग म्हणजे टांगलेलं चित्र वाटतं, आणि बागेत पाय ठेवायचा नाही, आतूनच बघायचं. तुमच्या माजघराच्या खिडकीतून काय दिसतं हो दादा?

खळ्यातला_गडी:
अरे देवा, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. काका आहेत हो बाई, ऐकायला कमी येतं पण जत्रांचा विषय काढला की थांबत नाहीत, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवतो. माजघराच्या खिडकीतून फणस आणि त्याच्या मागे खाडीचा तुकडा दिसतो, तिथे सध्या पत्र्याचं कपाट उभं आहे.

पडवी राहणार हे आता ठरलं, भावाला ही सगळी चर्चा पाठवली, त्याने फक्त अंगठा पाठवला. पण एसी नाही, काच नाही, तर मग उजेडाचं काय? माजघरात दिवसासुद्धा काळोख असतो. आणि इरलं, जुन्या वह्या, मुकुटाचं कापड, हे पावसात टिकायचं कसं?

कुडाळचा_मिस्त्री_नाही_आर्किटेक्ट:
काळोख राहू द्या थोडा. कागद आणि कापडाला म्युझियमवाले साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड देत नाहीत, म्हणजे आपल्या ट्यूबलाइटखालच्या खोलीपेक्षा बराच कमी, आणि जपानमध्ये तर जुनी चित्रं थोडे आठवडे दाखवून परत पेटीत ठेवतात, दुसरी काढतात. तुम्हीपण तेच करा. मुकुट गणपतीत दाखवा, शिमग्यात दुसरं काही, बाकी वेळ पेटाऱ्यात. सगळं एकदम मांडलं की भांड्याचं दुकान होतं. नाओशिमावरच मिनामिदेरा म्हणून एक लाकडी घर आहे, आंदोचं, आत जेम्स टरेल या उजेडावर काम करणाऱ्या कलाकाराचं काम, तिथे हाताने भिंत चाचपत मिट्ट काळोखात नेऊन बाकावर बसवतात आणि काही मिनिटांनी समोर फिकट उजेड दिसायला लागतो, जो आधीपासून तिथेच होता. तुम्ही एवढा छळ करू नका, पण ओटीवर लोकांना थोडं बसवा, पाणी-सरबत द्या, मग आत न्या, माजघर आपोआप उजळतं. कौलांमध्ये दोन-तीन काचेची कौलं बसवा, उत्तरेच्या उतारावर, म्हणजे उन्हाचा पट्टा वस्तूवर कमी येईल. लोखंड-लाकूड पडवीत चालेल, वह्या आणि कापड मात्र बंद काचपेटीत, आत सिलिका जेल, ते पावसाळ्यात काढून वाळवायची जबाबदारी कोणाची ते आत्ताच लिहून ठेवा. भिंतींना चुना. ऑइलपेंट नको, जांभ्याचा दगड ओल धरतो आणि त्याला ती बाहेर सोडायला वाट लागते.

निवृत्त_बाई_रत्नागिरी:
आणि छत्र्या! तिकडे दारातच छत्र्यांचा स्टँड असतो, किल्ली घेऊन जायची. सामानाला लॉकर, शंभर येनचं नाणं टाकायचं ते परत मिळतं. हात मोकळे झाले की माणूस नीट बघतो. लहान पोरांसाठी शाई आणि रबरी शिक्का ठेवा टेबलावर, तिकडे म्हातारेसुद्धा रांग लावून वहीत शिक्का मारून घेतात. होडीचा शिक्का करा.

जाता जाता, आपल्या सड्यावरची कातळशिल्पं कोणी भर दुपारी बघून “काही दिसत नाही” म्हणून परत येतात. उन्हं तिरकी झाल्यावर जा म्हणावं. हे शिकायला नाओशिमाला जायची गरज नव्हती खरं तर.

कोकणकन्या_आजही_लेट:
सगळं वाचलं. थेंब झाले, काळोख झाला, शिक्का झाला. बायकांचं टॉयलेट कुठे काढणार ते एकाही पुरुषाने विचारलं नाही. मी मुंबईहून गाडीने येणार, तुमच्या पाणंदीने चालत येणार, ओटीवर सरबत पिणार, मग?

कुडाळचा_मिस्त्री_नाही_आर्किटेक्ट:
ताई बरोबर बोललात. मागच्या बाजूला गोठा असेल तर तिथे काढा, पडवीतून वळचणीखालून जाता येईल असं, म्हणजे पावसात भिजायला नको. सोकपिट विहिरीपासून जेवढं लांब नेता येईल तेवढं न्या आणि विहिरीच्या खालच्या उताराला, जांभ्यातून पाणी कुठल्या कुठे झिरपतं. आजीसाठी एक तरी कमोडचं, आणि पकडायला बार.

खळ्यातला_गडी:
गोठा आहे, रिकामाच आहे, छप्पर अर्धं गेलंय. विहीर वरच्या अंगाला आहे म्हणजे उतार जमतो. मे महिन्यात सगळे येतायत तेव्हा टेप घेऊन मापं काढतो आणि इथेच टाकतो. कुडाळवाले, तुम्हाला मेसेज केलाय, फी सांगा पण आधी बसायला या, आंबे आहेत.

मालवणी_खाजा:
आंबे आसत तर मी पण येतंय. सिमेटाचा ज्ञान फुकट देतलंय.